कडी म्हणजे कुलूप नव्हे

स्टीलच्या डब्याची कडी सुटताना 'खट्' असा जो आवाज होतो, तो कानावर पडला की आजही माझा हात जागच्या जागी थांबतो. बायको स्वयंपाकघरात डबा उघडत असते, आत चिवडा असतो, हे मला माहीत असतं. तरी थांबतो. नोकरीत मी फुटलेल्या गाड्या पाहिल्या, मेलेली माणसं पाहिली, एकदा माझ्यावर चाकू उगारला गेला. पण मी सगळ्यात जास्त घाबरलो ते एका डब्याला.

नावं कुणाचीच देत नाही. माणसं वाईट नाहीत. इथं कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या आसपासच राहतात आणि किराणा दुकानात भेटली तर मान वळवत नाहीत, हे त्यांचे उपकार.

आधी माझं थोडक्यात. सोलापूरकडचा मी. नववीत शाळा सुटली. वडील गेल्यावर मामानं आईला आणि मला इकडं बोलावून घेतलं. तो कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात मशीनवर होता. मी पेट्रोल पंपावर उभा राहिलो, हॉटेलात भांडी घासली, आणि रात्रीच्या वर्गाला जाऊन बारावीच्या बरोबरीची परीक्षा कशीबशी पास झालो. पुढं नागरिक झालो आणि इथल्या एका लहान शहराच्या पोलीस खात्यानं मला घेतलं. माझं इंग्रजी ऐकून तिथं कुणी हसलं नाही. एवढ्या लांब येऊन वर्दी मिळाली, हे मला अजून खरं वाटत नाही.

स्वभावानं मी भित्रा. गाडीला कुलूप लागलंय ना, हे परत जाऊन बघणारा. आमची सार्जंट बाई म्हणायची, "तू घाबरतोस म्हणून तुला बरोबर नेते. न घाबरणारे मला महागात पडतात."

सोमवार होता. दुपारच्या पाळीची हजेरी झाली होती, गस्तीच्या गाड्या निघत होत्या. काउंटरवरून निरोप आला की एक भारतीय गृहस्थ आलेत, गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं म्हणतात. सार्जंटनं माझ्याकडं बोट दाखवलं.

चाळिशीचा माणूस. चांगला शर्ट, कंपनीचं ओळखपत्र कमरेला. माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. आपला माणूस समोर आला की काहींना धीर येतो, काहींचा उरलासुरला जातो. हा दुसऱ्यातला.

"सर, मराठी?"

"हो. बसा. सांगा."

त्यानं सांगितलं ते असं. रविवारी ढोल पथकाची प्रॅक्टिस होती. गणपती जवळ आले की एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये हे लोक दर रविवारी जमतात. गाडी तिथं लॉक करून ठेवली होती. सीटखाली कुलूपबंद पेटी, पेटीत पिस्तूल. घरी येऊन बघतो तर पेटी गायब. पिस्तूल त्याच्या नावावर, रीतसर घेतलेलं. चोरी झाली तर कळवावं लागतं म्हणून आला.

इथं आमच्या राज्यातला कायदा सांगायला हवा, कारण पुष्कळांना तो माहीत नसतो. हातात मावणारी बंदूक गाडीत ठेवून गाडी सोडून जायचं असेल, तर ती गाडीच्या कुलूपबंद डिकीत हवी, नाहीतर कुलूप लावलेल्या पेटीत, बाहेरून दिसणार नाही अशी. समोरचा ग्लोव्ह बॉक्स पेटी म्हणून धरत नाहीत. आणि मागच्या सीटवरून हात घालून जिथं पोचता येतं, असा मोठ्या गाडीचा मागचा भाग डिकी म्हणून धरत नाहीत. गाडीचं दार लॉक असणं पुरेसं नाही. आमच्या भागात गाडीची काच फोडून बॅग उचलायला चोराला शिंक येण्याएवढा वेळ लागतो.

म्हणून मी आधी गाडी बघायला बाहेर गेलो. मागं सलग मोकळी जागा असलेली मोठी गाडी. काचा चारी शाबूत. दाराच्या रबराला ओरखडा नाही. मागं एक ढोल आडवा पडलेला. सीटखाली वाकून बघितलं. तिथं मुलांच्या बिस्किटांचा चुरा आणि धूळ. पेटी सरकवल्याची खूण कुठंच नव्हती.

परत येऊन त्याच्यासमोर बसलो.

"पेटीची किल्ली दाखवा."

"किल्ली?"

"चोरानं पेटी नेली. किल्ली तुमच्याकडंच असणार."

त्यानं खिसे चाचपले. किल्ल्यांचा जुडगा काढला, एकेक किल्ली बोटांनी फिरवली, जशी काही त्यातली एखादी आपोआप पेटीची होईल. चौकशीत ओरडणारे पोलीस असतात. मला ते जमलं नाही कधी. मी नुसता थांबतो. शांतता माणसाला माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारते.

"दादा," तो म्हणाला. सर वरून दादावर आला, म्हणजे आता खरं येणार. "पेटी नव्हती."

"मग कशात होतं?"

"डब्यात."

"कसल्या?"

"स्टीलच्या. कडीच्या. फडक्यात गुंडाळून."

शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सार्जंटला मी हे इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "डबा म्हणजे काय?" मी म्हणालो, "आम्ही ज्यात जेवण नेतो तो." तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

मग सगळं बाहेर पडलं. त्यांच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या, तेव्हा यानं घाबरून पिस्तूल घेतलं. बायको म्हणाली, दोन लहान मुलं असलेल्या घरात ही वस्तू येणार नाही. हा म्हणाला, बरं, परत केलं. आणि केलं नाही. घरात लपवलं तर सापडेल, म्हणून गाडीत. पेटी आणली तर ती विचारेल पेटी कशाला, म्हणून डबा. डब्याला आपल्याकडं कोण विचारतं?

"लोड होतं?"

त्यानं मान खाली घातली. "हो."

"सेफ्टी?"

"त्या मॉडेलला वेगळी नसते."

मी विचारलं, "डबा गाडीतून गेला कसा?"

"तेच कळत नाही. प्रॅक्टिसनंतर माझ्या गाडीत ढोल भरायचे होते. मी लांब टेम्पोपाशी होतो. परत आलो तर मागचं सगळं सामान काढून ढोल आत गेलेले. आमच्यात तसंच चालतं, कुणाचीही गाडी कुणीही उघडतं, भरतं. आणि नंतर पॉटलक होतं."

पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं घरून डबा आणून एकत्र जेवायचं. तो शब्द ऐकला आणि मला चोर हवासा वाटला. खरंच सांगतो. चोरानं पिस्तूल नेलं तर ते चोराच्या हातात असतं, त्याला ते काय आहे हे माहीत असतं. इथं ते स्टीलच्या डब्यात बसून कुणाच्यातरी स्वयंपाकघरात गेलं होतं. कडी उघडली की आत लाडू असतात, असं जन्मापासून माहीत असलेल्या मुलांच्या घरात.

"ग्रुपवर टाकू का?" त्यानं फोन काढला. "आमचा डबा कुणाकडं गेलाय का म्हणून?"

"ठेवा तो खाली! डबा कुणाचा हे बघायला माणूस पहिल्यांदा काय करतो? उघडतो."

"मग लिहितो, उघडू नका."

"मग तर पोरंही उघडतील."

घरोघरी जायचं म्हटलं तर पथकात चाळीस-एक घरं, सॅन होजेपासून फ्रीमाँटपर्यंत पसरलेली. सार्जंटनं शेजारच्या शहरांतल्या पोलिसांना सूचना दिल्या. मी त्याला म्हणालो, "बायकोला बोलवा."

"दादा, प्लीज. तिला नको."

"तुमच्या घरातलं भांडण उद्या. आज एखाद्या घरात काय होईल ते बघा."

ती ऑफिसातून धावत आली. त्यानं तिला सांगितलं, माझ्यासमोरच. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "आईचा डबा? दिवाळीपासून शोधतेय मी तो. आईच्या डब्यात ठेवलंस तू ते?"

त्यानं भिंतीकडं बघितलं.

"आणि काल तो टेबलावर होता," ती म्हणाली. आवाज बारीक झाला तिचा. "मी बघितला. कोशिंबिरीशेजारी, कडी लावलेलाच. म्हटलं, अय्या, आपल्यासारखाच डबा. पोरं त्याच टेबलाखाली खेळत होती रे."

मी माझं काम केलं. विचारलं, "ताई, पॉटलक संपल्यावर उरलेले, मालक नसलेले डबे कोण घरी नेतं?" कारण जिथं जिथं आपले लोक जमतात, तिथं असं एक माणूस असतंच.

ती क्षणभरही थांबली नाही. "काकू. डॉक्टरकाकांच्या. त्या धुऊन ज्याचे त्याला पोचवतात."

काकूंचं घर पोलीस ठाण्यापासून जवळ. सार्जंट आणि मी लगेच पोचलो. डॉक्टर आणि काकू इथं आलेल्या पहिल्या काही मराठी मंडळींतले. दार उघडून काकूंनी माझ्या वर्दीकडं, मग नावाकडं बघितलं.

"अगबाई, आपला? पोलिसात? मग आमच्या ह्यांना पार्किंगचं तिकीट तूच लावलंस की काय?"

"नाही काकू. कालचे डबे कुठं आहेत?"

ओट्यावर धुतलेले डबे पालथे घातलेले. मी एकेक बघितला. कडीचा त्यात नव्हता.

"कडीचा ना? तो जड होता बाई. आत काहीतरी गच्च होतं, मला वाटलं खवा असेल. उघडायला गेले, पण हे बघ." त्यांनी दुखऱ्या मनगटावरचा पट्टा दाखवला. "कडी काही निघेना. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, लोकांचा खवा तू कशाला बघतेस. डब्यावर आडनाव कोरलेलं होतं, मग दिला पाठवून सकाळी. हे रोज फिरायला जातात ना, ह्यांच्याच हाती."

डॉक्टर पेपर वाचत होते. पंचाहत्तरीचा माणूस, भरलेलं पिस्तूल डब्यात झुलवत भर रस्त्यानं गेला होता आणि आता चहा पीत होता.

"कोणाकडं पाठवला?"

त्यांनी डब्यावरचं आडनाव सांगितलं. त्या आडनावाचं पथकात एकच कुटुंब. पण आमच्या डब्याची मालकीण ते आडनाव लावत नव्हती. डबा तिच्या आईचा, कोरलेलं आडनाव माहेरचं. माझ्या घरीही तसेच डबे आहेत, प्रत्येकावर सासूबाईंचं नाव. काकूंना मी दोष कसा देऊ? त्यांनी सगळं नीट केलं आणि पिस्तूल चुकीच्या घरी पोचलं.

त्या घरी नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर. घरात भारतातून आलेली आजी आणि सहा वर्षांची नात. शाळा सुटायची वेळ झाली होती.

आजींना मी स्वतः फोन लावला. नुसती रिंग. नातीला आणायला गेल्या असतील. मी काकूंना म्हणालो, "तुम्ही लावत राहा. लागला तर एकच सांगायचं, डब्याला हात लावू नका. दुसरं काही नाही." आणि आम्ही निघालो.

तो रस्ता रोजचाच. एका सिग्नलला शाळेतली पोरं रांगेनं रस्ता ओलांडत होती, पाठीवर दप्तरं. सार्जंट गाडी चालवत होती. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर मला एकाही देवाचं नाव आठवेना. डोळ्यासमोर सारखी ती कडी येत होती. काकूंच्या दुखऱ्या मनगटानं निघाली नाही. सहा वर्षांच्या बोटांनी निघेल का? निघेल. पोरांना डबे उघडता येतात. आपणच शिकवतो.

घर आलं. गाडीतून उतरलो तोच खमंग वास आला. बेसन भाजल्याचा. आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत दार उघडलं.

दारात नात. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरलेला. एका हाताचा अंगठा कडीखाली. ती डबा कानाशी नेऊन हलवत होती.

"इट्स सो हेवी," ती म्हणाली. "आजी सेज इट्स फॉर यू. इज इट लाडूज? इट डझन्ट साउंड लाइक लाडूज."

काकूंचा फोन लागला होता. पण 'हात लावू नका' असं परक्या, पाहुण्या आलेल्या बाईला कसं म्हणायचं? त्यांना वाटेल आपण संशय घेतो. म्हणून काकूंनी शब्द मऊ केले: डबा न्यायला माणूस येतोय, तेवढा तयार ठेवा. हे मला नंतर कळलं.

मी खाली बसलो, तिच्या उंचीला आलो. ओरडलो असतो तर ती दचकली असती. त्यामुळं मी माझ्या लेकीशी बोलायचो तसं बोललो. "बाळा, तिथंच थांब हं. हलवू नकोस. मी येतो घ्यायला."

"आय कॅन ब्रिंग इट."

"नको. मीच येतो. अंगठा काढ बघू. असा. शाब्बास."

तिनं अंगठा काढला. मी दोन्ही तळवे डब्याखाली घातले आणि तिचे हात सुटले. डबा तिच्या अंगाचा कोमट झाला होता. मी तो तिच्यापासून आणि घरापासून लांब धरून हिरवळीच्या पार टोकाला नेला. सार्जंटनं कडी काढली. खट्. फडकं सोडलं. मॅगझिन काढलं, नळीतली गोळी बाहेर काढली. नळीतही गोळी होती. ती गवतात पडली, उन्हात चमकली.

मी तिथंच बसलो. सार्जंटनं खांद्यावर हात ठेवला.

आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या. वर्दी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या मुलाला काही झालं का हो?" मी म्हणालो, नाही आजी, सगळे ठीक आहेत. त्यांना आत नेऊन बसवलं. ओट्यावर परातीत बेसन निवत ठेवलेलं, शेजारी वाटीत पिठीसाखर.

"लाडू करताय?"

"त्या डब्यासाठीच," त्या म्हणाल्या. "कुणीतरी एवढं आठवणीनं पाठवला. आत काय आहे ते काढून घ्यायचं, डबा धुवायचा आणि भरून परत करायचा. रिकामा कसा पाठवणार? उघडणारच होते, तेवढ्यात तुमचा माणूस येतोय म्हणून फोन आला. म्हटलं, राहू दे, आता तसाच देऊ, आणि लाडू वेगळे देऊ."

म्हणजे काकूंच्या ज्या फोनवर मी नंतर मनात चिडलो, त्यानंच आजींचा हात अडवला होता, आणि त्यानंच डबा नातीच्या हातात दिला होता. यातून काय शिकायचं, मला आजही नीट सांगता येत नाही. मी ते भाग्यावर सोडतो आणि हात जोडतो.

केस मी कागदावर घेतली. गाडीत असं पिस्तूल ठेवल्याबद्दल आणि खोट्या तक्रारीबद्दल त्या गृहस्थाला कोर्टात उभं राहावं लागलं. त्यानं काही नाकारलं नाही. पिस्तुलावरचा हक्क त्यानं स्वतःहून सोडून दिला. कोर्टाबाहेर तो मला म्हणाला, "दादा, मी घरच्यांसाठीच घेतलं होतं." मी म्हणालो, "माहीत आहे." आणि ते खरंच होतं. त्यानं घाबरून घेतलं आणि घाबरूनच लपवलं. मी त्याच्यापेक्षा फार वेगळा आहे असं मला वाटत नाही. फरक एवढाच की माझ्या भीतीला खात्यानं पद्धत शिकवली: काढलं की रिकामं करा, ठेवलं की कुलूप लावा, किल्ली अंगावर ठेवा.

त्यानंतर मी मंडळांत, पथकांत जाऊन बोलू लागलो. लोक म्हणायचे, "आमच्यात कुणाकडं नसतं हो असलं." मी वाद घालायचो नाही. एवढंच सांगायचो की लपवलेली वस्तू फक्त आपल्यापुरती लपलेली असते. आपल्या माणसांच्यात तर काहीच लपून राहत नाही. गाडी सगळ्यांची, डिकी सगळ्यांची, डबे सगळ्यांचे. हाच आपला चांगुलपणा, आणि म्हणूनच आपल्याला कुलूप जास्त लागतं.

खटला संपल्यावर मुद्देमालाच्या खोलीतून डबा सोडवायची वेळ आली. त्या गृहस्थाच्या बायकोनं विचारलं होतं, आईची आठवण आहे, मिळेल का? मी स्वतः घेऊन निघालो. माझी बायको म्हणाली, थांबा, त्यात चार करंज्या घालते, रिकामा डबा देऊ नये. मी म्हणालो, नको.

त्यांच्या दारात उभं राहून मी कडी काढली. खट्. झाकण बाजूला केलं आणि डबा तिच्यापुढं तिरका धरला. तिनं वाकून आत बघितलं, हात घालून तळावरून फिरवला, सगळीकडून. मग दोन्ही हातांनी घेतला.